विमानातून विमान

इंजिन नसलेले, वाऱ्यावर तरंगणारे आणि वजनाला जेमतेम दीड किलो भरणारे विमान एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेण्यात काही अडचण येऊ शकते, असे माझ्या मनात कधी आले नव्हते. तरंगणारी वस्तू न्यायला कष्ट पडायचे काय कारण? पण ती हवेत असली तरच तरंगते, जमिनीवर असली की तिला लागते पेटी, आणि पुढचे सगळे रामायण त्या पेटीने घडवले.

हे ग्लायडर मी साताऱ्यातल्या आमच्या घराच्या गच्चीवरच्या खोलीत दोन पावसाळे खपून बांधले. त्यात माणूस बसत नाही, हे आधीच सांगितलेले बरे, कारण मी विमान बांधतो आहे एवढेच ऐकून गल्लीतल्या दोघांनी पहिल्या फेरीसाठी आपली नावे सांगून ठेवली होती. पंखांची लांबी या टोकापासून त्या टोकापर्यंत तीन मीटर, सांगाडा बाल्सा लाकडाचा, वरून इस्त्रीने ताणून बसवलेली पातळ फिल्म आणि जमिनीवर उभे राहून रिमोटने वळवायची सोय. मुळात इक्वेडोरहून येणारे हे बाल्सा इतके हलके असते की फळी हातात घेताच दुकानदाराने आपल्याला फसवले असे वाटते आणि किंमत ऐकल्यावर खात्री पटते. इस्त्री मात्र घरातलीच वापरली. फिल्मचा एक लाल ठिपका तिच्या तळाला चिकटला, तो पुढे माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर उतरला आणि त्यावर घरात जे बोलणे झाले ते इथे देण्याचे कारण नाही.

जर्मनीतल्या फुल्दा शहराजवळचा वासरकुप्पे हा डोंगर म्हणजे ग्लायडरवाल्यांची पंढरी. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनांच्या इंजिनाच्या विमानांवर बंधने आली, तेव्हा तिथल्या तरुणांनी इंजिनच वगळून उडायचे ठरवले आणि १९२० पासून या डोंगरावर ग्लायडरच्या स्पर्धा भरू लागल्या. आज तिथे ग्लायडरचे संग्रहालय आहे, खऱ्या ग्लायडरचे विमानतळ आहे आणि आमच्यासारख्यांची खेळण्यातली विमाने उडवायला गवताळ उतार आहे. त्यात माझा भाचा शिकायला फुल्दालाच असतो. हा योगायोग मी पत्नीला नीट समजावून सांगितला. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "किती उंच आहे तो डोंगर?"

"साडेनऊशे मीटर."

"आणि आपलं कासचं पठार?"

"असेल बाराशेच्या आसपास."

ती पुन्हा घेवडा निवडू लागली.

वास्तविक माझी बाजू भक्कम होती. जुलै महिन्यात कासला धुक्यात स्वतःचा हात दिसत नाही, तिथे तीन मीटरचे ग्लायडर कुठून दिसणार? शिवाय दमट हवेत बाल्साच्या पंखाला पीळ पडतो आणि असा पंख नेहमी एकाच बाजूला, बहुधा दरीच्या बाजूला, वळायला बघतो. कोरडी हवा, स्वच्छ आकाश आणि एकसारखा वारा यांसाठी मी जर्मनीला निघालो होतो, हे वाचकांनी कृपया लक्षात ठेवावे.

व्हिसाचे सोपस्कार नेहमीसारखेच झाले. जर्मनीत पाव किलोपेक्षा जड मॉडेल उडवायचे तर उडवणाऱ्याची नोंदणी आणि तिसऱ्या माणसाला इजा झाली तर भरपाई देणारा विमा लागतो. ते काम भाच्याने केले आणि मिळालेला नोंदणी क्रमांक मी चिठ्ठीवर लिहून ग्लायडरच्या पोटावर, गणपतीच्या स्टिकरशेजारी चिकटवला.

मग पेटी. पंख मधोमध सुटे होत असल्यामुळे दीड मीटरचे दोन तुकडे, एक धड आणि एक शेपटी, एवढाच ऐवज होता. माझ्या ओळखीच्या सुताराने आयुष्यभर धान्याच्या कोठ्या केलेल्या, त्यामुळे त्याने उंदीर, वाळवी आणि दुष्काळ या तिघांनाही पुरून उरेल अशी प्लायवूडची पेटी केली. लांबी एकशे पासष्ट सेंटिमीटर, झाकणाला सोळा स्क्रू, वजन अकरा किलो. दीड किलोच्या विमानाला अकरा किलोची पेटी म्हणजे नवरदेवापेक्षा वरात मोठी, पण एवढ्यावर भागले नाही. पेटीत जागा रिकामी दिसताच पत्नीने ती भाच्याच्या नावे केली. कंदी पेढे तेवढे मी बाहेर काढले, कारण युरोपाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे पदार्थ आत नेता येत नाहीत. तेव्हा पेढ्यांच्या जागी चिवडा, शेंगदाण्याची चटणी आणि एक किलो मेतकूट आले.

विमान कंपनीच्या नियमाप्रमाणे सामानाची लांबी, रुंदी आणि उंची मिळून एकशे अठ्ठावन्न सेंटिमीटरच्या आत हवी. आमची पेटी नुसत्या लांबीतच त्यापुढे जात होती. म्हणून मी कंपनीला फोन लावला आणि वीस मिनिटे बासरी ऐकल्यावर एक गोड आवाज मिळाला.

"ग्लायडर म्हणजे जिममधलं का, सर?"

"नाही हो, विमान. मला विमान न्यायचं आहे."

"आपलं तिकीट विमानाचंच आहे, सर."

खेळाच्या सामानाच्या त्यांच्या यादीत सायकल होती, गोल्फचा संच होता, लाटांवर स्वार व्हायची फळी होती, पण विमानाने विमान नेण्याची सोय कोणी केली नव्हती. शेवटी लांबीला जवळ पडते म्हणून तिने माझ्या नावावर बर्फात घसरायच्या स्कीची एक जोडी लिहिली. अशा रीतीने युरोपातल्या ऐन उन्हाळ्यात साताऱ्याचा एक साठीचा गृहस्थ बर्फावर खेळायला जर्मनीला निघाला.

निघायच्या पहाटे पेटी रिक्षात मावेना, म्हणून ती एसटी स्टँडपर्यंत खांद्यावरून न्यायचे ठरले. पुढून शेजारचा मुलगा, मागून मी, मागोमाग पत्नी आणि शाल पांघरलेली आई. पाऊस भुरभुरत होता, कोणी बोलत नव्हते. पोवई नाक्याच्या अलीकडे फिरायला निघालेले एक वृद्ध गृहस्थ आम्हाला पाहून थबकले, त्यांनी चपला बाजूला काढल्या आणि हात जोडले. मीही डोके लववले. रात्रभर झोप न झाल्यामुळे माझ्या चेहऱ्यावर प्रसंगाला शोभेल असाच भाव असावा.

कंडक्टरने पेटीकडे पाहून विचारले, "आत काय हाय?"

"विमान."

"मग उडवत न्यायचं की राव, यष्टीत कशाला कोंबताय?"

त्याने सामानाचे वेगळे तिकीट फाडले आणि खंबाटकीच्या प्रत्येक वळणावर दिक्कीत पेटी इकडून तिकडे सरकल्याचा आवाज मी श्वास रोखून ऐकत राहिलो.

मुंबईला विमानतळावर पेटी आत गेली आणि दहा मिनिटांत माझ्या नावाचा पुकारा झाला. इथे थोडे तांत्रिक बोलणे भाग आहे. ग्लायडरचा तोल पंखाच्या रुंदीच्या पुढच्या साधारण एक तृतीयांशावर पडावा लागतो. शेपटीकडे वजन झुकले की ते नाक वर करते, वेग हरवते आणि खाली येते, म्हणून नाकात शिसे भरतात. मी त्यात नव्वद ग्रॅम छरे ओतून ते डिंकाने पक्के केले होते. शिशातून क्ष-किरण आरपार जात नाहीत, त्यामुळे पडद्यावर एका लांबोळ्या सांगाड्याच्या टोकाला काळाकुट्ट गोळा आणि पंखाशेजारी पुडीची गच्च पिशवी दिसत होती.

"हे काळं काय आहे?" सुरक्षा अधिकाऱ्यांनी विचारले.

"छरे," मी म्हणालो.

आयुष्यात काही शब्द उच्चारल्यावर परत घेता येत नाहीत. आजूबाजूला अचानक चार माणसे वाढली. पेटी उघडा, असे फर्मावण्यात आले. सोळा स्क्रू होते आणि पाना? हातातल्या सामानात पाना अडवतील म्हणून मी तो विचारपूर्वक पेटीत ठेवला होता. मी हे सांगितले तेव्हा अधिकाऱ्यांनी माझ्याकडे संशयाने पाहणे थांबवले आणि कणवेने पाहायला सुरुवात केली. एका लोडरने कुठून तरी पाना आणला. झाकण निघाले, ग्लायडर बाहेर आले, नाक ठोकून पाहिले गेले. त्या गडबडीत पिशवीला पंखाचे टोक लागून ती फाटली.

"आणि ही पिवळी पूड?"

"मेतकूट."

त्यांनी चिमूट नाकाशी नेली, जरा वेळ तशीच धरली आणि म्हणाले, "मऊ भात, तूप आणि हे. आमची आई करायची." मग त्यांनी स्वतः सोळाही स्क्रू घट्ट बसवले. ग्लायडरच्या बॅटऱ्या मात्र नियमाप्रमाणे माझ्या हातातल्या पिशवीत, टोकांना चिकटपट्टी लावून होत्या, आणि माझ्या सबंध तयारीतली हीच एक गोष्ट कोणाच्याही नजरेस पडली नाही.

फ्रँकफर्टहून फुल्दाला आगगाडीने तासाभरात पोहोचलो. भाच्याने पेटी पाहिली आणि आधी विचारले, "मामा, चिवडा कुठल्या टोकाला आहे?"

वासरकुप्पेवर आम्ही पहिले तीन दिवस गेलो आणि तिन्ही दिवस डोंगर धुक्यात होता. थंड वारा, ओले गवत, दहा पावलांवरचे काही दिसू नये असे पांढरे धुके, आणि जवळच उगम पावणारी फुल्दा नदी. महाबळेश्वरला कृष्णेच्या उगमापाशी छत्री विसरून आल्यासारखे वाटत होते. धुके दाट असल्यामुळे संग्रहालय दोनदा पाहून झाले. घरून पत्नीचा फोन आला, "इथं आज ऊन पडलंय."

चौथ्या दिवशी दुपारी धुके उठले. समोरून उतारावर आदळणारा वारा वर चढू लागला, की त्या चढत्या हवेवर ग्लायडर कितीही वेळ राहू शकते. पंख जोडले, बॅटरी बसवली, तोल बोटांवर पाहिला. भाच्याने ते डोक्यावर धरून वाऱ्याच्या तोंडावर फेकले. ते क्षणभर खाली गेले, माझे काळीज त्याच्याबरोबर गेले, आणि मग कोणी हाताने उचलावे तसे ते सरळ वर आले. आवाज काही नाही, फक्त फिल्मवरून जाणाऱ्या वाऱ्याची शीळ. पहिल्याच वळणाला डाव्या पंखाच्या सांध्यातून एक बारीक पिवळी रेघ हवेत सुटली आणि मेतकुटाचा वास आमच्यापर्यंत आला.

शेजारी आपले ग्लायडर घेऊन उभ्या असलेल्या जर्मन आजोबांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना ती खास रंगीत धुराची सोय वाटली. तेवीस मिनिटांनी मी ग्लायडर गवतावर अलगद उतरवले, तेव्हा त्यांनी जवळ येऊन इंग्रजीत चौकशी केली. एवढ्या लांबून, एवढी पेटी घेऊन का आलात, तुमच्याकडे डोंगर नाहीत का?

आहेत, मी म्हणालो, याच्यापेक्षा उंच आहेत, पण तिथे सध्या पाऊस असतो.

आजोबांनी मान डोलावली आणि वर पाहिले. पहिला थेंब त्यांच्या चष्म्यावर पडला, दुसरा माझ्या डाव्या पंखावर, आणि मी भाच्याला पेटी आणायला पिटाळले.