जरा झोपू द्या की त्यांना

सोमवारी सकाळी प्रयोगशाळेचं दार उघडलं तर आत शांतता. फ्लास्क हलवत ठेवणारा शेकर बंद. पंधराच्या पंधरा फ्लास्क गपगार, तळाशी गाळ.

"काका, हा कुणी बंद केला?"

"मीच. शनिवारी संध्याकाळी जाताना बघितलं, नुसताच घरघरतोय. विसरला असाल म्हटलं."

"अहो, त्यावर कागद चिकटवलाय!"

"वाचला की. 'बंद करू नये.' पण कधीपर्यंत, ते कुठं लिहिलंय?"

मला अजून उत्तर सुचलेलं नाही. वर मी समजावायला गेले, ही दुसरी चूक. मातीतले हे जिवाणू, बॅसिलस मेगाटेरियम (2020 पासून प्रिस्टिया म्हणायचं, पण जिभेवर बसत नाही). त्यांना ग्लुकोज भरपूर द्यायचं आणि नायट्रोजन अगदी बेताचा. मग वाढ खुंटते, पण साखर तर समोर आहे. ती ते पीएचबी (पॉलिहायड्रॉक्सिब्युटिरेट) या पदार्थाचे दाणे करून पेशीत साठवतात. त्याचंच प्लास्टिक होतं, मातीत जिरणारं.

काकांनी झाडू भिंतीला टेकवला. "म्हणजे गोड खायला घालायचं, पण वाढू द्यायचं नाही?"

"हो."

"आणि चरबी धरली की?"

"पेशी फोडायच्या, क्लोरोफॉर्ममध्ये दाणे विरघळवून काढायचे."

"आणि शेकर बंद केला म्हणून रागावताय मला!" ते खरोखर दुखावले होते. "मिनिटाला दीडशेच्या वेगानं रात्रंदिवस गरागरा. जीवच ना ते? जरा झोपू द्या की त्यांना."

1926 साली फ्रान्सच्या पाश्चर संस्थेत मॉरिस लम्वान्य यांनी याच जिवाणूत पीएचबी ओळखलं. त्यांच्या खोलीत कुणी दयाळू माणूस झाडू घेऊन येत नसावा.

एक आशा म्हणून सुदान ब्लॅकनं रंगवून पाहिलं. दाणे असतील तर गुलाबी पेशींत काळे ठिपके दिसायला हवेत. दिसल्या त्या नुसत्याच गुलाबी. हवाच खेळली नाही तर पोसणार काय आणि साठवणार काय! ग्लुकोज, अमोनियम सल्फेट आणि पीएच यांच्या प्रमाणांची पंधरा गणितं, तीन दिवस खपून बसवलेली, सिंकमध्ये गेली.

सर म्हणाले, "रिपीट कर." संगणकावरची नजरही न काढता. रिपीट म्हणणाऱ्याला फ्लास्क घासावे लागत नाहीत, आणि प्रबंधात या आठवड्यासाठी एक ओळही नसते. काकांनी निदान झाडू तरी बाजूला ठेवला होता.

नवा कागद लावलाय: 'गुरुवारी सकाळी 10 पर्यंत बंद करू नये.' काकांनी तो चष्मा लावून दोनदा वाचला.

"आणि लाइट गेली तर?"