चंद्रावरचा काटा

माझ्या दुर्बिणीतून चंद्राला काटा आहे. काळा, बारीक, टोकदार, डाव्या कडेतून आत घुसलेला. पहिल्या रात्री मी तो दहा मिनिटं आदराने पाहत बसलो. एखाद्या पर्वताची सावली असणार, असं वाटून चंद्राचा नकाशा उघडून नावही शोधायला लागलो होतो. तेवढ्यात पृथ्वीने आपलं फिरण्याचं काम केलं. चंद्र दर दोन मिनिटांना स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो. तसा तो सरकत सरकत बाहेर निघून गेला. काटा जागेवरच.

मग स्क्रू सैल करून आयपीस, म्हणजे डोळा लावायची भिंगांची नळी, जागच्या जागी फिरवला. काटाही घड्याळातल्यासारखा गोल फिरला. म्हणजे चंद्र निर्दोष, आयपीस दोषी. तपासाची ही पद्धत फार सोपी आहे: आधी आयपीस फिरवायचा, मग डायगोनल, म्हणजे प्रकाशाला काटकोनात वळवणारा तो गुडघा. ज्याच्याबरोबर दोष फिरेल, दोष त्याचा. इतकं सोपं जमल्यावर माणूस तिथेच थांबला असता तर बरं झालं असतं. पण मला तपासाची चटक लागली.

दुर्बीण साधीच आहे. ६० मिलिमीटर व्यासाचं भिंग, ७०० मिलिमीटर फोकल लेन्थ, म्हणजे भिंगापासून प्रतिमेपर्यंतचं अंतर. खोक्यावर मात्र '५२५ पट' असं छापलंय, तेही भिंगापेक्षा मोठ्या अक्षरात. हिशोब बरोबर आहे हो. ७०० भागिले ४ मिलिमीटर फोकल लेन्थचा आयपीस म्हणजे १७५, त्याला तिप्पट करणारा बार्लो, म्हणजे जास्तीचं भिंग, लावला की ५२५. फक्त ६० मिलिमीटरच्या भिंगाला साधारण १२० पटींपर्यंतच झेपतं. त्यापुढे गुरू मोठा होत नाही, त्याचा धूसरपणा मोठा होतो. ५२५ पटींना गुरू म्हणजे पाण्यात विरघळत आलेली औषधाची गोळी.

काट्याच्या आयपीसवर 'एच २०' असं लिहिलंय. २० म्हणजे मिलिमीटर, एच म्हणजे हायगेन्स. ज्याने १६५५ मध्ये शनीचा चंद्र टायटन शोधला, १६५९ मध्ये शनीला कडी आहे हे जगाला सांगितलं, तोच. त्याची दोन भिंगांची रचना साडेतीनशे वर्षांनंतरही स्वस्त खोक्यांतून भेटते. माणूस मोठाच. पण आपलं नाव एक दिवस कसल्या प्लास्टिकच्या नळीवर येणार आहे, हे त्याला दुर्बिणीतूनही दिसलं नसेल.

असो. काटा पकडल्यावर मी ४ मिलिमीटरचा आयपीस लावला. त्यात चंद्रावर पारदर्शक जंत पोहत होते. मळ, दुसरं काय! आयपीस फिरवला, जंत फिरले नाहीत. डायगोनल फिरवला, तरी नाही. डोळा हलवला, तर सगळे एकदम वळले आणि संथपणे खाली बसले. इतक्या पटींना डोळ्यात शिरणारी प्रकाशाची शलाका जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटर जाडीची असते, आणि तिच्या उजेडात आपल्या बुबुळामागचा सगळा कचरा पडद्यावर सावल्या टाकतो. जंत माझेच होते. वरून एक काळी झालर पुन्हापुन्हा खाली येत होती, ती पापणीची निघाली. या आयपीसला डोळा इतका चिकटवावा लागतो की पापण्यांनी भिंग झाडून निघतं.

आता माझी सरशी झालीच पाहिजे होती. मी पुन्हा २० मिलिमीटरचा आयपीस लावून तेजस्वी ताऱ्याकडे वळलो. ताऱ्यातून आरपार एक उभी रेघ! हा दोष मात्र खरा होता, सुलटी प्रतिमा दाखवणाऱ्या डायगोनलचा. त्यातल्या प्रिझमची धार प्रतिमेच्या मधोमध येते आणि तेजस्वी ताऱ्याला चिरते. मी विजयी मुद्रेने तो काढून साधा आरशाचा डायगोनल बसवला. रेघ गेली. पण तारा तरी लांबटच, तांदळाच्या दाण्यासारखा. आयपीस फिरवला, डायगोनल फिरवला, कंटाळून मान तिरकी केली.

तांदूळही तिरका झाला.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"दोष सापडला."

"कशात?"

मी चष्मा पुढे केला. गेली बारा वर्षं त्यात सिलिंडरचा, म्हणजे एका दिशेने लांबट दिसणं सुधारणारा, नंबर आहे, आणि दुर्बिणीला डोळा लावताना मी तो काढून ठेवत होतो.

"मग तक्रार आता सासूबाईंकडे करायची का?" ती म्हणाली.

एक तरी तक्रार अस्सल होती, म्हणून रात्रीच विक्रेत्याकडे काट्याच्या तक्रारीचा अर्ज भरला. कारण निवडायचं होतं: रंग आवडला नाही, माप लहान पडलं, वस्तू चालू होत नाही. 'चंद्रात काटा आहे' हा पर्याय नव्हता. मी 'माप लहान पडलं' निवडलं, ५२५ पटींच्या आठवणीने. फोटोही मागितला होता. आयपीसला मोबाइल टेकवून चाळीस फोटो काढले. एकोणचाळिसांत काळोख आला आणि एकात माझं नाक.

आठवडाभर उत्तर नाही. शेवटी मीच आयपीस उघडला. दोन भिंगं, मध्ये प्लास्टिकचं कडं, आणि कड्याच्या काठाला साच्यातून निघताना राहिलेला केसाएवढा कोंब. हाच काटा! प्रतिमा नेमकी त्या कड्याच्या पातळीवर तयार होते, म्हणून तर तो चंद्राइतका स्पष्ट दिसत होता. नखाने टचकन उडवला. मग भिंगं परत बसवायची. दोन्ही एका बाजूने सपाट, एका बाजूने फुगीर, म्हणजे चार शक्यता. चौथ्या खेपेला बरोबर बसली. फुगीर बाजू दोन्हींची ताऱ्यांकडे. त्या रात्री चंद्र इतका स्वच्छ दिसला की मी बायकोलाही बोलावलं, आणि तीही काही न बोलता बराच वेळ पाहत राहिली.

सकाळी निरोप आला. तक्रार मान्य, नवीन आयपीस पाठवतो आहोत. सदोष आयपीस कृपया मूळ स्थितीत परत करावा.

मूळ स्थितीत.

आयपीस उलटा धरला की भिंगाचं काम उत्तम करतो. सध्या मी जमिनीवर पालथा पडून त्यातून काटा शोधतोय.