तुम्ही लिहिता ना, मग पटवा की!

आमच्या नाशिकच्या इंदिरानगरातल्या सोसायटीत लोकांना ओला-सुका कचरा वेगळा करायला पटवायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण सेक्रेटरी म्हणाले, "तुम्ही लेखबिख लिहिता ना, मग टाका की एखादा जोरदार लेख ग्रुपवर." २०१६ पासून नियमच आहे, कचरा घरातच वेगळा करायचा, पण नियम सांगून कोण ऐकतंय, हेल्मेटचं काय झालं ते बघतोच ना आपण.

म्हटलं शास्त्रशुद्ध करू. ॲरिस्टॉटल तेवीसशे वर्षांपूर्वी सांगून गेलाय की माणूस तीन गोष्टींनी पटतो, सांगणाऱ्यावरचा विश्वास, भावना आणि तर्क. पैकी विश्वास पहिल्याच ओळीत बाद, कारण मी पडलो भाडेकरू. तर्क म्हणून लिहिलं की घंटागाडीत सगळं एकत्र गेलं तर पाथर्डीच्या प्रकल्पात त्याचं धड खत होत नाही. त्यावर तीन अंगठे आले, त्यातला एक अशा काकांचा जे कोणी गेल्याच्या मेसेजवरही अंगठाच देतात.

राहिली भावना. २०२७ चा सिंहस्थ आलाय, रामकुंडावर अख्खा देश लोटणार, वगैरे वातावरण तापवून शेवटी एक टोलेजंग प्रश्न टाकला, "आपण आपल्या गोदामाईला काय देणार?" आता असल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं, वाचणाऱ्याने गप्प बसून विचार करायचा असतो. पण लगेच मेसेज आला, "मेन्टेनन्समधून देणार असाल तर आमचा विरोध आहे."

मग 'सगळे करतात, तुम्हीही करा' हा हुकमी डाव काढला आणि लिहिलं की बी विंगमधले बहुतेक जण कचरा वेगळा करतात. ए विंग जी पेटली म्हणता! पार २०१५ च्या लिफ्टच्या खर्चापर्यंत भांडण गेलं, कचरा बिचारा बाजूलाच राहिला.

तेवढ्यात तळमजल्यावरच्या आजींचा व्हॉइस मेसेज आला. "अगं बायांनो, गाडीवाली मुलं पिशव्या उघडून हातानं निवडतात, मी खिडकीतून बघते ना रोज. कोणाकडे काय येतं सगळं दिसतं. त्या डाएटवाल्यांकडे काल परत मिसळीचं पार्सल होतं."

दुसऱ्या दिवशी अख्ख्या बिल्डिंगचा सुका कचरा वेगळा, डबे धुतलेले, पार्सलवरची नावाची स्टिकरं खरवडून काढलेली.

सेक्रेटरी आता पार्किंगवर लेख मागतायत. मी आजींचा नंबर दिलाय.