वालांचं वेळापत्रक

मुंबईत थंडी आधी बातम्यांत पडते. सांताक्रूझच्या वेधशाळेत पहाटेचा पारा २० अंशांच्या आसपास आला, की आमच्या इमारतीतले काका कानटोपी घालून दूध आणायला निघतात. दुपारी ३३ अंशांत तीच कानटोपी खिशात कोंबून ते परत येतात. माणसांचा असा गोंधळ असला, तरी भाजीबाजाराचा मात्र या थंडीवर ठाम विश्वास असतो. कार्तिकी एकादशी होऊन चातुर्मास संपला, की दादरच्या भाजीगल्लीत मेथी, मटार, वालपापडी, तुरीच्या शेंगा, हिरवा लसूण यांची अशी गर्दी होते की चालायला जागा उरत नाही. (ती एरवीही नसते, पण तेव्हा निदान दोष फेरीवाल्यांना देता येतो.)

एवढं सगळं समोर असताना रात्री जेवायला काय करायचं, हा प्रश्न वर्षातल्या याच दिवसांत सर्वांत सोपा असायला हवा. तसं होत नाही. ऐन पावसाळ्यात बाजारात दुधी, दोडका नि तोंडली असतात, तेव्हा घरात कसलाही वाद होत नाही; सगळे सारखेच नाराज असतात. वाद सुरू होतात ते निवडीला वाव मिळाला की.

बायकोचं ऑफिस बेलापूरला हललं आणि सोमवार ते शुक्रवारची रात्रीची जेवणं माझ्याकडे आली. मला स्वयंपाक येतो हे आधीच सांगून टाकतो. अशा लेखांतले नवरे मिठाऐवजी साखर घालतात, तो प्रकार इथे नाही. पोळ्या सकाळी मावशी करून जातात. राहता राहिली भाजी, आमटी आणि भात. तासाभराचं काम. पण त्या तासाआधी जे ठरवावं लागतं, त्याला दिवस पुरत नाही.

म्हणून मी आठवड्याचा तक्ता केला. ऑफिसच्या प्रिंटरवर छापून फ्रिजवर लावला. सोमवार मेथी-मटार, मंगळवार अंडाकरी, बुधवार भरली वांगी, गुरुवार वालाचं बिरडं, शुक्रवार खिचडी-कढी. आईने चष्मा लावून तो वाचला आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढून तक्त्याशेजारी धरलं.

"मंगळवारी अंडी?"

"बरं, बुधवारी."

"आणि वांगी कशी काय लिहिलीस?"

"कार्तिकी झाली ना आता. चातुर्मास संपला."

"संपला तो इतरांचा. आपला खंडोबा आहे. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवल्याशिवाय आपल्याकडे वांगं चढत नाही."

वांग्यावर काट मारली. मग मुलगी आली. ती चौदा वर्षांची आहे आणि हिरव्या रंगाच्या विरोधात आहे. मेथी नको, मटार चालतील पण मेथीला लागलेले नकोत. रात्री बायकोला फोनवर विचारलं, तर ती घणसोलीच्या आसपास कुठेतरी उभी होती. म्हणाली, "अरे, काहीही कर, मला काहीही चालतं." तिला रात्री भात चालत नाही, बटाटा लागोपाठ चालत नाही, तुरीच्या डाळीने पित्त होतं आणि आदल्या दिवशी ऑफिसच्या कँटीनमध्ये जे झालं असेल ते चालत नाही. कँटीनमध्ये काय झालं होतं, हे ती पानावर बसल्यावर सांगते.

सोमवारी लोअर परळहून दादरला उतरलो. मुलुंडलाही भाजी मिळते, पण दादरची स्वस्त असते ही आमच्या घराण्याची श्रद्धा आहे, तेव्हा पश्चिमेला बाहेर पडायचं, भाजी घ्यायची आणि पिशवीसकट पूल ओलांडून मध्य रेल्वेची लोकल पकडायची. मेथीची जुडी दादरला टवटवीत असते. घाटकोपरपर्यंत ती तीन प्रवाशांच्या मध्ये येते, आणि मुलुंडला उतरते तेव्हा निम्मी शिजलेली असते, गॅस वाचतो.

त्या दिवशी दादरहूनच सुटणारी गाडी मिळाली आणि चक्क बसायला जागाही. हातात किलोभर मटार. बायकांच्या डब्यात भाजी निवडण्याची परंपरा किती जुनी आहे! माटुंग्यापर्यंत गवार मोडून होते, कुर्ल्यापर्यंत मेथी निवडून होते, कुणी मान वर करून बघत नाही. मी विचार केला, आपणही सोलावेत. पहिली शेंग फोडली आणि डब्यातली पत्त्यांची खेळी थांबली.

"काय भाऊ, वहिनी माहेरी का?" समोरच्याने विचारलं.

"नाही, बेलापूरला."

याने कुणाचंच समाधान झालं नाही. दुसऱ्याने "गोड आहेत का?" म्हणून एक शेंग उचलली. तिसऱ्याने, गोड आहेत म्हणतात, म्हणून दोन उचलल्या. चौथ्याने मटार उसळीला हिरवं वाटण हवं की लाल, हा विषय काढला आणि भांडुपपर्यंत डब्यात दोन तट पडले. एकाने मात्र मनापासून मदत केली, भराभरा सोलून दिले, आणि टरफलं माझ्या लॅपटॉपच्या बॅगेत भरली. किलोभर शेंगांतून एरवीही अर्धा किलो दाणे निघत नाहीत. माझे घरी पोचले ते वाटीभर. मुलगी खूश झाली; मेथीला लागण्याइतके मटार उरलेच नव्हते.

मंगळवारी ऑफिसातूनच उशीर झाला. घरी आलो तर मेथी संपलेली आणि डब्यात दिवाळीची शेव. दिवाळीच्या फराळात चकल्या आधी संपतात, मग लाडू, मग चिवड्यातले काजू. शेव सगळ्यांच्या शेवटी राहते, आणि नोव्हेंबर सरत आला की तिच्याकडे बघून वाईट वाटायला लागतं. खानदेशात शेवभाजी करतात, तीच करायचं ठरवलं. कांदा-खोबरं भाजून झणझणीत रस्सा केला आणि उकळी आल्यावर शेव सोडली. शेवभाजीची शेव जाड, तिखट असते; आमची दिवाळीची, सोऱ्याच्या सर्वांत बारीक ताटलीची. पाच मिनिटांत शेव नाहीशी झाली आणि रस्सा आळला.

आईने चव घेतली. "पिठलं आहे हे," ती म्हणाली. "फक्त आधी तळलेलं."

सगळ्यांनी दोनदा घेतलं. मला अजूनही वाटतं की पाककृती म्हणून यात दम आहे.

आता वाल. तक्त्यात बिरडं गुरुवारी होतं, म्हणून वाल मी सोमवारी रात्रीच भिजत घातले होते. कडव्या वालांचा स्वभाव असा, की आपल्याला परवा कशाची भूक लागणार आहे हे आज सांगावं लागतं. रात्रभर भिजवायचे, सकाळी उपसून फडक्यात घट्ट बांधायचे, मोड यायला दिवस-दीड दिवस द्यायचा, मग कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचा. बाकी कडधान्यं मोड आले की तयार असतात. वालाला त्यानंतरही कपडे उतरवून द्यावे लागतात.

बुधवारी संध्याकाळी मोड झकास आले होते. मुलगी आणि मी सोलायला बसलो. सोललेली डाळिंबी बोटांच्या चिमटीतून कुठे उडेल याचा नेम नसतो; एक फ्रिजमागे गेली, एक आजीच्या चहात. मुलीला हा खेळ इतका आवडला की ती हिरव्या रंगाचा निषेध विसरली. डाळिंब्या सोलून होतात न होतात, तोच दारात कोळीणमावशी.

"ओले बोंबील आहेत बघा आजी. आत्ता आणलेत."

आईने टोपलीत पाहिलं. मग कॅलेंडरकडे पाहिलं. बुधवार. "उद्यापासून मार्गशीर्षातला गुरुवार लागतोय," ती म्हणाली, "आजच काय ते खाऊन घ्या." अंडाकरी रद्द. मी बोंबील दाबून पाणी काढलं, रव्यात घोळवले, तळले. डाळिंब्या डब्यात घालून फ्रिजमध्ये.

गुरुवारी घट मांडलेला, आईचा उपास. संध्याकाळच्या नैवेद्यात कांदा-लसूण चालत नाही. मी म्हटलं, बिरडं लसणाशिवाय करू, जिऱ्याची फोडणी, नारळ, आमसूल, गूळ.

"लसणाशिवाय वाल?" आईचा आवाज चढला. देवीसमोर ती एवढ्या जोरात सहसा बोलत नाही. "त्यापेक्षा करूच नकोस." म्हणून वरण-भात, बटाट्याची पिवळी भाजी आणि शिरा. बायकोने तूरडाळीकडे आणि भाताकडे पाहिलं, प्रसाद म्हणून जेवली आणि झोपताना पित्ताची गोळी घेतली. कँटीनमध्येही बटाटाच झाला होता.

शुक्रवारी खिचडी होती. तक्ता मी फाडला. नारळ खवला, लसूण ठेचून फोडणीत टाकला, डाळिंब्या मोडू नयेत म्हणून डाव न घालता पातेलंच हलवलं, आमसूल-गूळ घालून एक उकळी काढली, वरून कोथिंबीर. बायको सव्वानऊला आली. पानं घेतली. बराच वेळ कुणीच काही बोललं नाही. मुलीने पातेल्याच्या कडेचा रस पोळीने पुसून घेतला. बायको बोटं चाटत म्हणाली, "फार मस्त झालंय. उद्या परत कर ना."

"उद्या खायचे," आई म्हणाली, "तर परवाच भिजत घालायला हवे होते."