तीन थर चढवले म्हणून ट्रॉलीचा दांडा टिकत नाही

गणपती उठले की कोल्हापुरात ऊस ट्रॉल्यांच्या दुरुस्तीची घाई सुरू होते. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, शिवाय गावोगावच्या नाक्यांवरची पत्र्याची शेडं, सगळीकडे दांडे, हूक, चेसीच्या पट्ट्या वेल्डिंगला येऊन पडतात. नेमका त्याच सुमाराला एक मेसेज मोबाइलवर फिरायला लागतो. मजकूर थोडक्यात असा (टाका म्हणजे वेल्डिंगचा जोड): “टाका कधीच तुटणार नाही. करंट फुल्ल ठेवा. एकावर एक तीन थर चढवा. गंज, रंग काढत बसू नका, आगीत जळून जातो. भारी कामाला ७०१८ रॉड लावा, भिजला असेल तर जॉबला चिकटवून तापवा. टाका लाल असतानाच पाणी मारा, लोखंड कडक होतं. शेवटी ग्राइंडर मारून गुळगुळीत करा.”

नवी पोरं हे खरं मानतात, त्याचं एवढं वाईट वाटत नाही; शिकतील. पण ट्रॉलीमालकही मेसेज दाखवून “आमचे तीन थर चढवा” म्हणून अडून बसतात, तेव्हा उत्तर देणं भाग आहे.

करंटपासून सुरुवात करू, कारण यात थोडं तथ्य आहे. करंट कमी असेल तर रॉड चिकटतो आणि रॉडचा वितळलेला माल पट्टीत न भिनता नुसता वर बसतो. म्हणून फुल्ल ठेवायचा असं मात्र नाही. ३.१५ मिली (मिलिमीटर) जाडीच्या ६०१३ या नेहमीच्या रॉडला साधारण ९० ते १३० ॲम्पिअर पुरतात, २.५ मिलीला ६० ते ९०. आकडा रॉडच्या पाकिटावरच छापलेला असतो. त्याच्या वर गेलं की अर्धा रॉड संपेपर्यंत तो लाल होतो, वरचं कोटिंग तडकतं, ठिणग्यांचे मणी सगळीकडे उडतात आणि टाक्याच्या कडेला पट्टी खाल्ली जाऊन घळ पडते. ही घळ म्हणजे अंडरकट. हादरे खाणाऱ्या दांड्यावर भेग सुरू व्हायला तेवढी जागा पुरते.

माल मुळापर्यंत जातो की नाही, हे करंटइतकंच हातावर ठरतं. आर्कची, म्हणजे रॉडचं टोक आणि पट्टी यांच्यातल्या ज्योतीची, लांबी रॉडच्या जाडीएवढी ठेवायची, रॉड चालीच्या दिशेला १०-१५ अंश कलता धरायचा आणि ओढत न्यायचा. नजर झगझगाटावर नको, मागच्या वितळलेल्या डबक्यावर हवी. डबकं दोन्ही पट्ट्यांना नीट भिडलं की पुढे सरकायचं. कोपऱ्यातल्या टाक्यात पहिला रन, म्हणजे रॉडची पहिली ओढ, सरळ कोपऱ्याच्या मुळात घालावा. तिथे पहिल्याच रनला रुंद झोके दिले की कडा भरतात आणि कोपरा पोकळ राहतो. रन संपताना रॉड झटकन उचलू नये. क्षणभर थांबून, किंचित मागे येऊन खड्डा भरावा, नाहीतर शेवटच्या टोकाला चांदणीसारखी तड जाते.

आता तीन थर. मेसेजमधली सगळ्यात महागात पडणारी गोष्ट हीच, म्हणून इथे जरा हिशेब करू. कोपऱ्यातल्या टाक्याची ताकद त्याच्या पायावर (कोपऱ्यापासून पट्टीवर टाका जेवढा पसरतो त्या मापावर) नाही, मुळापासून वरच्या पृष्ठापर्यंतच्या सगळ्यात कमी जाडीवर मोजतात. ती पायाच्या साधारण ०.७ पट येते. ६ मिलीच्या पायाला ४.२ मिली, १२ मिलीच्या पायाला ८.४ मिली. म्हणजे पाय दुप्पट केला की ताकद दुप्पट, पण रॉड लागतो चौपट, कारण भरायचं क्षेत्रफळ चौपट होतं. उष्णताही त्याच मानाने जादा, आणि मग दांडा वाकडा झाला म्हणून पुन्हा हातोडा. बरं, पट्टीच ६ मिलीची असेल तर १२ मिलीचा टाका धरणार कशाला? टाका शाबूत राहील आणि शेजारची पट्टी फाटेल. ६ मिलीच्या पट्टीला दोन्ही बाजूंनी ४.५ ते ५ मिली पायाचा, मुळापर्यंत भिनलेला टाका पुरेसा असतो. फुगीर टाका तर आणखी वाईट. वरचा फुगवटा ताकदीत धरलाच जात नाही, उलट जिथे तो पट्टीला मिळतो तिथे तीव्र कोन होतो आणि ताण तिथेच गोळा होतो. ट्रॉली एका धक्क्यात क्वचित तुटते. खड्डा, चढ, ब्रेक, पुन्हा खड्डा अशा हजारो हेलकाव्यांनी टाक्याच्या कडेपासून केसाएवढी भेग वाढत जाते.

जादा थरांपेक्षा जुळणी कितीतरी स्वस्त पडते. दोन पट्ट्यांत ३ मिलीची फट ठेवून ६ मिलीचा पाय घातला, तर कामाचा पाय निम्माच उरतो. जुनी भेग असेल तर तिच्यावर रन ओढणं म्हणजे तडकलेल्या भिंतीवर गिलावा. डाय-पेनिट्रंटचे स्प्रे बाजारात मिळतात: लाल रंग मारा, पुसा, पांढरा मारा, भेगेची खरी टोकं दिसतात. मग ती ग्राइंडरने तळापर्यंत उघडून व्ही करायची आणि भरायची. प्रत्येक रननंतर खपली (टाक्यावर गोठलेली कोटिंगची साल) पूर्ण काढायची. तीन थरवाल्यांना नेमकी याचीच घाई असते, आणि मग खपली आत दबून राहते. वरून जोडपट्टी मारणार असाल तर तिची टोकं तिरपी कापा. चौकोनी पट्टीच्या टोकाला दांड्यावर आडवा टाका मारला की पुढच्या हंगामात दांडा त्याच रेषेवर तुटून येतो, आणि दोष लोखंडाला दिला जातो.

गंज-रंग जळून जातो, याबद्दल फार लिहायला नको. गंजात पाणी धरलेलं असतं, ग्रीस आणि रंगात हायड्रोजन-कार्बन असतात. आर्कमध्ये त्यांचा वायू होतो आणि बाहेर पडायच्या आत धातू गोठला की टाक्यात छिद्रं राहतात. दोन्ही बाजूंना बोटभर पट्टी चकचकीत करायला फार वेळ जात नाही. अर्थिंगचा चिमटाही गंजावर लावू नका, आर्क उगाच नाचतो. गॅल्व्हनाइज्ड पाइप असेल तर जस्ताचा थर घासून काढाच. जस्त ९०७ अंशांना उकळतं, लोखंड वितळायला १५०० च्या आसपास लागतात. तो पांढरा धूर नाकात गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो, हे शेडमधल्या कुणालाही विचारा.

७०१८ चांगला रॉड आहे, वाद नाही. ६०१३ मध्ये ६० म्हणजे टाक्याच्या धातूची ताण सोसण्याची किमान ताकद दर चौरस इंचाला ६० हजार पौंड, ७०१८ मध्ये ७० हजार. पण त्याचं खरं मोल या आकड्यात नाही, कमी हायड्रोजनमध्ये आहे. आणि आपल्याकडे दुरुस्तीचा काळ म्हणजे पावसाचा शेवट. शेड ओलं, हवा ओली, पाकीट महिनाभर उघडं. या रॉडचं कोटिंग ओल शोषतं, ती आर्कमध्ये फुटून हायड्रोजन टाक्यात शिरतो, आणि जाड किंवा जादा कार्बनच्या लोखंडात एक-दोन दिवसांनी भेग पडते. संध्याकाळी तपासून दिलेला जॉब परवा तडकतो. ओल धरलेला ७०१८ भट्टीत ३०० ते ३५० अंशांवर तासभर तरी भाजावा लागतो, आणि नंतर १२० अंशांच्या वर गरम ठेवावा लागतो. कंपनीने पाकिटावर वेगळं सांगितलं असेल तर ते पाळा. खोक्यात बल्ब लावून ६०१३ कोरडा राहतो, ७०१८ सुधारत नाही. चिकटवून तापवला तर आतली तार लाल होते, कोटिंग सुटतं आणि ओल कुठे गेली ते कळत नाही. भट्टी नसेल तर साध्या लोखंडाच्या पट्टीला कोरडा ६०१३ बरा.

पाणी मारण्याचा सल्ला मात्र सरळ धोक्याचा आहे. साध्या लोखंडात कार्बन पाव टक्क्याच्या आत, तिथे पाण्याने लोखंड फारसं कडक होत नाही, फक्त पट्टी पिळवटते. पण हूकची पिन, एक्सल, स्प्रिंगचा पाटा यांत कार्बन ०.४ टक्के किंवा जास्त. तिथे पाणी पडलं की टाक्याशेजारचा भाग काचेसारखा कठीण आणि ठिसूळ होतो. पुढचा धक्का तो सोसत नाही. असला जॉब आधी १५०-२०० अंशांपर्यंत तापवून घ्यावा आणि नंतर कोरड्या राखेत किंवा चुन्यात पुरून हळूहळू गार करावा. आपल्या फाउंड्र्यांतून निघणाऱ्या बिडाच्या कास्टिंगला तर पाणी दाखवूही नये. त्यात कार्बन तीन टक्क्यांच्या वर असतो. भेगेच्या दोन्ही टोकांना भोक पाडा, निकेलचा रॉड घ्या, इंचभर रन मारा, गरम असतानाच हलक्या हातोडीने ठोका, हात लावता येईल इतकं गार होऊ द्या, मग पुढचा इंच. पंपाच्या एका बॉडीत अर्धा दिवस जातो, त्याचे पैसे मागायला लाजू नये.

राहिला ग्राइंडर. टोकाला टोक भिडवून जोडलेली पट्टी मुळापर्यंत भरलेली असेल तर वरचा उंचवटा घासून समतल करणं योग्यच. हेलकाव्यांत ती जास्त टिकते. कोपऱ्यातला टाका घासला तर मात्र वर मोजलेले ४.२ मिली त्याचेच कमी होतात. शिवाय घासून रंग मारलेल्या टाक्यात खाली काय आहे ते कुणालाच दिसत नाही, हीच बऱ्याचदा सोय असते.

मेसेज पाठवणाऱ्यांना एक करून बघता येईल. ६ मिलीच्या पट्टीचा चार इंची तुकडा दुसऱ्यावर उभा धरून एकाच बाजूने टाका मारा, एकदा त्यांच्या युक्तीने, एकदा नीट जुळवून. दोन्ही वाइसमध्ये धरून टाक्याच्या बाजूला ठोकून पाडा, म्हणजे मूळ उघडं होईल. मोडलेल्या तोंडाचा जवळून फोटो काढा आणि त्याच ग्रुपवर टाका.