दर पंधरा दिवसांनी मुंबई

“ताई, औषधाचे पैसे सरकार देतंय. तिकिटाचे कुठून आणू?”

माझ्या चुलतभावाचा हा निरोप परभणीहून आला तेव्हा मी मँचेस्टरजवळच्या एका घरातून काम आटोपून नुकतीच गाडीत बसले होते. मी नर्स आहे. त्या घरात नऊ वर्षांचा एक मुलगा आहे, त्याला गौचर नावाचा दुर्मीळ आजार आहे. भावाच्या मुलालाही तोच. म्हणून तर त्याने मला विचारलं.

या आजारात शरीरात एक एन्झाइम पुरेसं तयार होत नाही. मग चरबीसारखा पदार्थ प्लीहेत, यकृतात, हाडांत साठत जातो. पोट फुगतं, रक्त कमी होतं, हाडं ठणकतात. तेच एन्झाइम दर पंधरा दिवसांनी शिरेतून द्यायचं, तेही जन्मभर. 2021 मध्ये आपल्याकडे राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण आलं आणि 2022 पासून ठरवून दिलेल्या केंद्रांमध्ये एका रुग्णाला 50 लाखांपर्यंत मदत मिळू लागली. महाराष्ट्रात त्यासाठी परळचं केईएम आहे. हे पैसे रुग्णालयाकडे जातात, उपचारासाठी. ते योग्यच आहे. पण परभणी ते मुंबई साडेपाचशे किलोमीटर. वर्षाला सव्वीस खेपा. भाऊ दुचाकीचं गॅरेज चालवतो. प्रत्येक खेपेला ते दोन-तीन दिवस बंद. देवगिरी एक्सप्रेसने रात्रभर प्रवास, दादरला उतरून पोराला कडेवर घेऊन चालायचं, राहायला स्वस्तातली खोली शोधायची. एका खेपेला सहा-सात हजार जातात, असा त्याचा हिशोब.

त्याने घरच्या ग्रुपवर मदत मागितली आणि तिथे वाद पेटला. एकाने लिहिलं, एका पोरावर पन्नास लाख घालायचे तर तेवढ्यात किती कुपोषित मुलं जगली असती. दुसऱ्याने लिहिलं, फोटो टाकून पैसे उकळणाऱ्या टोळ्या असतात, आधी कागद दाखव. तेव्हा भावाने डिस्चार्ज कार्ड टाकलं आणि पोराचा फोटोही. शर्ट वर केलेला, फुगलेलं पोट दाखवणारा. पोरगं कॅमेऱ्याकडे बघत नव्हतं. तो फोटो बघून मला रडू आलं, आणि रागही आला.

फसवणुकीची भीती खोटी नाही. म्हणून तर पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात भरा असं सांगतात, आणि मीही तेच सांगते. पण रेल्वेच्या तिकिटाला रुग्णालयाचं खातं नसतं. खानावळीच्या बिलाला नसतं, बंद गॅरेजला तर नाहीच. गरज तिथेच असते, आणि संशयही नेमका तिथेच घेतला जातो.

कुपोषणाचा मुद्दा मी जास्त गंभीरपणे घेते. इथे इंग्लंडातही पैसे मोजतातच. औषध किमतीला परवडतं का हे नाइस नावाची संस्था ठरवते, आणि कधीकधी नाही म्हणते. तो नकार ऐकून आलेले आईबाप मी पाहिले आहेत. इंग्लंड म्हणजे स्वर्ग, असं मी म्हणणार नाही. पण ते मोजमाप टेबलावर होतं, कागदावर होतं. बापाला नातेवाइकांपुढे पोराचा शर्ट वर करावा लागत नाही. आणि एकदा होकार मिळाला की उपचारापर्यंत पोचणं हा उपचाराचाच भाग धरतात. प्रोटॉन थेरपीचं, म्हणजे कॅन्सरवरच्या एका खास किरणोपचाराचं, उदाहरण घ्या. 2018 मध्ये मँचेस्टरला एनएचएसचं, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचं, पहिलं मोठं केंद्र सुरू झालं. त्याआधी, 2008 पासून, ज्यांना ही थेरपी हवी अशा निवडक रुग्णांना एनएचएसच अमेरिकेला पाठवत असे. त्यात लहान मुलं बरीच असत. प्रवासाचा, राहण्याचा खर्चही तीच करायची. पोराला एकटं विमानात बसवता येत नाही, म्हणून सोबतच्या पालकाचाही.

आपल्याकडेही हा विचार नवा नाही. रेल्वे कॅन्सरच्या रुग्णाला आणि त्याच्या सोबत्याला तिकिटात सवलत देते. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेने कॅन्सरच्या किती कुटुंबांना आसरा दिला आहे. त्याच वाटेने गौचरच्या पोरालाही जाऊ द्या, एवढंच.

पण माझं खरं म्हणणं याच्याही पुढचं आहे. मँचेस्टरजवळच्या त्या मुलाचे पहिले डोस रुग्णालयात झाले. नंतर औषध घरी येऊ लागलं. ते त्यांच्या फ्रिजमध्ये, 2 ते 8 अंशांत राहतं. मी जाते, हात धुते, कुपीत इंजेक्शनचं निर्जंतुक पाणी घालते आणि कुपी हलक्या हाताने फिरवते. जोरात हलवली तर फेस होतो आणि औषध बिघडतं. मग सलाइनमध्ये मिसळून फिल्टर असलेल्या नळीतून दीड-दोन तास. अॅलर्जी आली तर म्हणून अॅड्रेनॅलिन बॅगेत असतंच. मुलगा सोफ्यावर गृहपाठ करत असतो.

याला मुंबई कशाला लागते? लसी याच तापमानात आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांपर्यंत रोज पोचतात. पोलिओची लस वाडीवस्तीवर गेली, तर चार-सहा कुप्या परभणीच्या सरकारी रुग्णालयात का जाऊ नयेत? सुरुवातीचे डोस आणि अधूनमधूनची तपासणी मुंबईला, बाकीचं जिल्ह्यात. सलाइन लावणाऱ्या सिस्टर तिथे आहेतच, आणि मी ज्यांच्या हाताखाली शिकले त्या अशाच जिल्हा रुग्णालयातल्या होत्या. यात पन्नास लाख संपले की पुढे काय, हा प्रश्न सुटत नाही, आणि तो भयंकर आहे. पण निदान तोवर बापाचं गॅरेज तरी उघडं राहील.

पुढच्या चार खेपांचे पैसे मी पाठवले, ग्रुपवर न सांगता. भावाने जिल्हा शल्यचिकित्सकांकडे अर्ज केला आहे. डोस द्यायला काय काय लागतं त्याची यादी मी मराठीत लिहून त्याला पाठवली, मुंबईच्या डॉक्टरांना दाखवून मग अर्जाला जोड म्हणून सांगितलं. ती एका पानात मावली.