तुमच्या एक स्टारला उत्तर: रविवारी मुलाला पिचिंग का दिलं नाही

नमस्कार दादा,

तुमचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाहीये, मुलगा अजून हायस्कूलमध्ये आहे. आमच्या ट्रॅव्हल बेसबॉल टीमबद्दलचा (शाळेबाहेरची, टुर्नामेंटसाठी फिरणारी टीम) तुमचा रिव्ह्यू वाचला. तुम्हाला आणि वहिनींना मनस्ताप झाला त्याबद्दल खरंच सॉरी, मेलचं उत्तर यायला उशीर झाला त्याबद्दल पण सॉरी, टीम परत येऊन सामान लावेपर्यंत मी लॅपटॉप उघडला नव्हता.

पण तुम्ही जे लिहिलंय ना, की ३००० डॉलर घेतले, न्यू जर्सीहून जॉर्जियापर्यंत नेलं आणि ज्या दिवशी डिव्हिजन वन, म्हणजे कॉलेज स्पोर्ट्सच्या सगळ्यात वरच्या गटातल्या कॉलेजचा कोच समोर उभा होता नेमका त्याच दिवशी माझ्या मुलाला माउंडवर, म्हणजे पिचर जिथून बॉल टाकतो तिथे, पाठवलं नाही, मुद्दाम लपवलं. बाकी सगळं ऐकून घेईन, हे "मुद्दाम लपवलं" काही केल्या पचत नाहीये. म्हणून सविस्तर लिहितेय, लांबलं तर लांबलं.

शनिवारी सकाळच्या मॅचला स्टार्टर, म्हणजे पहिला पिचर, कोण होतं? तुमचेच चिरंजीव. ७१ पिच, म्हणजे बॅटरला ७१ बॉल टाकले, पाचव्या इनिंगमध्ये दोन आउट झाल्यावर कोचने जाऊन बॉल काढून घेतला. हा आकडा मी घरी बसून तयार केलेला नाही, गेमचेंजर या स्कोअरच्या अ‍ॅपवर आहे, तुमच्या फोनमध्येही दिसेल, स्कोअर मीच ठेवत होते. आता एमएलबी (मेजर लीग बेसबॉल, मोठी प्रोफेशनल लीग) आणि यूएसए बेसबॉलने २०१४ मध्ये पिच स्मार्ट म्हणून जे नियम काढले त्यात १५-१६ वर्षांच्या मुलाने एका दिवसात ६१ ते ७५ पिच टाकले की पुढे ३ दिवस माउंड बंद. अगदी ३१ ते ४५ टाकले असते तरी १ दिवस सुट्टी लागतेच. म्हणजे रविवारी तो पिच करणार हा विषयच नव्हता, मागे कॉलेजचा कोच उभा असो नाहीतर यांकीजसारख्या प्रोफेशनल टीमचा स्काउट. सीझनच्या आधी तुम्ही सही केलेल्या फॉर्ममध्ये हे लिहिलंय, न वाचता सही करतात लोक, ठीक आहे, पण लिहिलंय.

आणि गुरुवारचं काय? आम्हाला न सांगता तुम्ही त्याला दुसऱ्याच एका शोकेसला घेऊन गेलात, जिथे मुलं कोचेसना दाखवायला खेळतात. मला कळलं कसं, तर तुम्हीच व्हिडिओ टाकला होतात, स्पीड ८४ माइल असं मोठ्ठं लिहून, मी त्याला लाइकही केलं आणि मग तारीख बघितली. शोकेसमध्ये एखादी इनिंग मिळते, २०-२५ पिच, कागदावर त्याला सुट्टी लागत नाही हे मान्य. पण तिथे मागे रडार गन लावलेल्या असतात, पोरं बॅटरला आउट करायला टाकत नाहीत, जीव खाऊन नुसत्या स्पीडसाठी टाकतात, आणि त्याआधी बुलपेनमध्ये (वॉर्म-अपच्या जागेत) किती टाकले ते कोणी मोजत नाही. एमएलबीने डिसेंबर २०२४ मध्ये पिचर्सच्या दुखापतींवर जो रिपोर्ट काढला त्यातही याच गोष्टीकडे बोट दाखवलंय, स्पीडच्या मागे लागणं आणि शाळेच्या वयापासूनची शोकेस. शनिवारी तिसऱ्या इनिंगनंतर डगआउटमध्ये तो टॉवेलखाली हात घालून कोपर चोळत होता. मी विचारलं तर "आय अ‍ॅम गुड, आंटी". सोळा वर्षांचं पोरगं, बाप बॅकस्टॉपच्या जाळीमागे उभा, दुसरं काय म्हणणार ते.

तुम्ही लिहिलंय "१५ पिच टाकले असते तर काय हात तुटणार होता का". हो दादा, असाच जातो हात. कोपराच्या आतल्या बाजूचं लिगामेंट गेलं की टॉमी जॉन सर्जरी, १९७४ मध्ये पहिली झाली, दुसरीकडून टेंडन काढून तिथे बसवतात आणि परत मॅचमध्ये पिच करायला वर्षभर किंवा जास्तच लागतं. ज्युनियर इयर (अकरावी), म्हणजे ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप चाललाय ते वर्ष, खुर्चीत बसून गेलं असतं. तेव्हा तुम्ही आम्हाला शून्य स्टार दिले असते, आणि ते बरोबरही असतं.

तरी रविवारी आम्ही त्याला बसवून ठेवलं नव्हतं हे तुम्ही लिहिलेलंच नाही. डेझिग्नेटेड हिटर (फक्त बॅटिंग करणारा) म्हणून खेळला, दोन हिट मारले, त्यातला एक राइट-सेंटरच्या गॅपमध्ये डबल, म्हणजे थेट दुसऱ्या बेसपर्यंतचा हिट. तो कॉलेजच्या कोचने बघितला, वहीत लिहिलेलं मी बघितलं.

"मॅचनंतर कोच एक शब्द बोलला नाही, तुम्ही ओळखसुद्धा करून दिली नाही." अहो तो बोलूच शकत नव्हता! डिव्हिजन वन बेसबॉलमध्ये ज्युनियर इयरच्या आधीच्या १ ऑगस्टपर्यंत कॉलेजच्या कोचला मुलाशी रिक्रूटिंगचं (टीममध्ये घेण्याचं) बोलायची परवानगी नाही, २०२३ पासूनचा नियम आहे, आणि आपण होतो जुलैमध्ये. मी ओढत नेऊन ओळख करून दिली असती तरी तो हात जोडून निघून गेला असता.

एक्स्पोजर एक्स्पोजर म्हणून तुम्ही चार वेळा लिहिलंय, तर तेही सांगते, बाकीच्या पालकांनाही उपयोग होईल. आपल्याकडे न्यू जर्सीत हायस्कूलचा सीझन एप्रिल ते जूनच्या सुरुवातीपर्यंत, आणि कॉलेजवाल्यांचा स्वतःचा सीझन फेब्रुवारीपासून जूनपर्यंत. तुमच्या शाळेच्या मॅचला मंगळवारी दुपारी कोण येणार? ते रिकामे होतात उन्हाळ्यात, आणि तेव्हा जॉर्जियातल्या लेकपॉइंटसारख्या ठिकाणी एकाला एक लागून टर्फची फील्ड्स, सकाळपासून मॅचेस, एक कोच एका दिवसात आपल्या इकडच्या पंधरा शाळा पालथ्या घालून बघणार नाही एवढी मुलं बघून जातो. ट्रॅव्हल टीमचा उपयोग तिथे. शोकेसचा वेगळा, तिथे ६० यार्डची धाव, थ्रोचा स्पीड, बॅटवरून बॉल किती जोरात निघतो, कॅचरचा पॉप टाइम (बॉल पकडून दुसऱ्या बेसवर पोचवायला लागलेला वेळ), असे आकडे तिसऱ्या माणसाने मोजलेले मिळतात, म्हणून कोच त्यावर विश्वास ठेवतो, बापाने मेलमध्ये लिहिलेल्यावर ठेवत नाही. पण नुसतं मैदानात उभं राहून कोणी शोधून काढत नाही हो. स्थळ बघायला येणाऱ्यांच्या हातात पत्रिका आधीच पोचलेली असते, तसं आहे हे. कोच लिस्ट घेऊन येतात, कोणत्या मुलाची मॅच कुठल्या फील्डवर किती वाजता हे त्यांना आधीच माहीत असतं, कारण त्या मुलाने स्वतः व्हिडिओ आणि शेड्यूल पाठवलेलं असतं. आम्ही मार्चमध्ये तशा मेलचा नमुना सगळ्या मुलांना दिला होता. चिरंजीवांनी किती मेल पाठवले ते एकदा त्यालाच विचारा, मी इथे लिहीत नाही.

शिवाय दिवस पूर्वीचे राहिले नाहीत. आधी डिव्हिजन वनमध्ये एका टीमला ११.७ स्कॉलरशिप असायच्या आणि त्या २५-२७ जणांत तुकडे करून वाटायचे, आता २०२५ पासून ज्या कॉलेजांनी कॉलेज खेळाडूंच्या खटल्यातली नवी सेटलमेंट मान्य केलीय तिथे स्कॉलरशिपची मर्यादा गेली पण टीममध्ये ३४ च मुलं, आणि त्यातल्या जागा ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे दुसरं कॉलेज सोडून आलेली बावीस वर्षांची मुलं घेतात. एमएलबीचा ड्राफ्ट, म्हणजे प्रोफेशनल टीम नवे खेळाडू निवडतात तो, ४० राउंडचा होता तो २० वर आलाय. प्रत्येक देशी पालक मला अर्जुन निम्मालाचं नाव सांगतो, २०२३ मध्ये टोरंटोच्या ब्लू जेज टीमने त्याला पहिल्या राउंडमध्ये विसाव्या नंबरवर घेतलं, आम्हालाही अभिमान आहे, ड्राफ्टच्या रात्री आम्ही पण ओरडलो होतो. पण म्हणून मी कुणाच्याही मुलाला ऑफर मिळवून देते असं कधी, कुठे, फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर म्हटलेलं असेल तर दाखवा. डिव्हिजन थ्रीची चांगली कॉलेजं आहेत, तिथे बेसबॉलची स्कॉलरशिप नसते पण अभ्यासावर मदत मिळते आणि मुलगा चार वर्षं खेळतो, हे मी पहिल्या मीटिंगमध्येच सांगितलं होतं, तुम्ही तेव्हा फोन बघत होतात.

पैशांचं थोडक्यात. टुर्नामेंटची एन्ट्री, हिवाळ्यातला इनडोअर केज (प्रॅक्टिसची जाळी), दोन कोच, इन्शुरन्स, बॉल, युनिफॉर्म, यात ती फी संपते. हॉटेल ठरावीकच घ्यावं लागलं ते टुर्नामेंटवाल्यांच्या नियमामुळे, त्यातला एक डॉलर आमच्याकडे येत नाही, आणि गेटवरचं तिकीट मला स्वतःलाही काढावं लागलं.

एक लिहू का नको असं झालंय, लिहितेच. रविवारी तुम्ही बॅकस्टॉपमागून आमच्या कोचबद्दल जे मराठीत बोललात ते तुम्हाला वाटलं कोणाला कळणार नाही. मला कळलं, मी सहा फुटांवर होते. आणि शब्द कळले नाहीत तरी आवाज सगळ्यांना कळतो. दुसऱ्या इनिंगनंतर तो कॉलेजचा कोच खुर्ची उचलून पलीकडच्या फील्डवर गेला. तुमच्यामुळे गेला असं म्हणत नाही, त्याच्या लिस्टवर तिथलं कोणी असेल. पण कॉलेजवाले पालकांनाही बघतात, हे खरं आहे.

वहिनींनी शनिवारी सगळ्या टीमसाठी कूलर भरून टरबूज आणलं होतं आणि पोरांनी दहा मिनिटांत फस्त केलं, हे मी विसरलेले नाही, म्हणूनच जास्त लागलं. पुढच्या सीझनपासून कोण कधी पिच करणार, कोणाला सुट्टी आहे, हे पालकांना आदल्या रात्रीच कळेल असं काहीतरी करतोय, आणि बाहेरच्या शोकेसला जायच्या आधी आम्हाला कळवायचा नियमही करू. मेलचं पण बघतोय.

ट्रायआउट्स (टीमसाठी मुलांची निवड) तोंडावर आलेत आणि आत्तापर्यंत दोन पालकांनी मला तुमच्या रिव्ह्यूचा स्क्रीनशॉट पाठवून विचारलंय की हे खरं का. आमची छोटी टीम आहे, मागे कोणी स्पॉन्सर नाही, नवरा नोकरी करून संध्याकाळी केज उघडतो. एक स्टार ठेवायचाय तर ठेवा, फी महाग वाटली हे पण राहू द्या. फक्त "लपवलं" ही एक ओळ तेवढी काढा. चिरंजीवांचा फॉलचा हप्ता अजून घेतलेला नाही, जागा ऑगस्टच्या शेवटापर्यंत धरून ठेवतेय, यायचं असेल तर कळवा.